चिठ्ठी देणारा मामा हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपल्या की आपल्या वर्तमानपत्राच्या घडीतून जाहिरातींचे रंगीत कागद पडायला लागतात. यंदा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या घरी असे सव्वीस कागद जमले. अबॅकस, वैदिक गणित, रोबोटिक्स, सुलेखन, बुद्धिबळ, कीबोर्ड, व्यक्तिमत्त्व विकास. बहुतेकांवर एकच ओळ फिरून फिरून येते, तुमच्या मुलातले सुप्त गुण ओळखा. हे कागद मी टाकून देत नाही, कारण एका बाजूने कोरे असले की नातवाला चित्रं काढायला होतात. त्या कोऱ्या बाजूंवर त्याने जे काढलंय, ते पाहून हे पत्र लिहायला घेतलं.

नातू नऊ वर्षांचा, आता पाचवीत जाईल. परळची आमची चाळ पाडून बावीस मजली इमारत झाली, तिथे चौदाव्या मजल्यावर आम्ही राहतो. सव्वीसपैकी एकोणीस कागदांवर त्याने लिफ्ट काढली आहे. नुसता चौकोन आणि दार नाही. वरची चाकं, दोर, दोन्ही बाजूंचे रूळ, आणि लिफ्टच्या मागून उलट्या दिशेने सरकणारी लोखंडी वजनंसुद्धा. सोसायटीत महिन्यातून एकदा लिफ्टची देखभाल करायला मेकॅनिक येतो. त्या दिवशी नातू शाळेतून आला की दप्तरासकट तळमजल्यावरच बसतो. मार्चमध्ये मीही त्याच्या शेजारी बसलो. मेकॅनिक काम आटपून, हात पुसून डबा उघडत होता.

नातवाने विचारलं, "काका, लिफ्ट वर जाते तेव्हा ती वजनं खाली का येतात?"

मेकॅनिकने जेवता जेवता नीट समजावलं. दोराच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला काउंटरवेट. हे काउंटरवेट रिकाम्या केबिनपेक्षा जड ठेवतात. लिफ्ट जेवढा भार उचलू शकते, त्याच्या जवळपास निम्म्याने जड. त्यामुळे मोटरला सगळं ओझं ओढावं लागत नाही, दोन बाजूंमधला फरक तेवढा ओढला की झालं. नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे लिफ्ट रिकामी असली तर ती वर सहज जाईल. खाली आणायलाच जोर लागेल."

मेकॅनिकचा हात डब्यावरच थांबला. म्हणाला, "बरोबर. इतकी वर्षं हे काम करतोय, पण हे स्वतःहून कुणी सांगितलं नव्हतं." मग दोर तुटला तर काय, हा प्रश्न आलाच. मेकॅनिकने सांगितलं की दोर एकच नसतो, आणि वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की गव्हर्नर नावाचं वेगावर नजर ठेवणारं यंत्र ब्रेक लावतं आणि केबिनखालचे जबडे रूळ घट्ट पकडतात. मीही माझी भर घातली. १८५४ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा माणूस उंच पाळण्यावर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत त्याने दोर कापायला लावला. पाळणा जरासा घसरला आणि थांबला. नातवाने डोळे एवढे मोठे केले. जबडे कसे असतात याचं चित्र मेकॅनिक पावतीच्या मागे काढायला लागला, तेवढ्यात इंटरकॉम वाजला. अबॅकसची वेळ झाली होती. चित्र अर्धंच राहिलं.

मुलगा आणि सून दोघंही सकाळी आठला निघतात आणि रात्री आठला घरी येतात. संध्याकाळी मूल कुठेतरी सुरक्षित असावं, चार गोष्टी शिकावं, एवढाच त्यांचा हेतू आहे. त्यांना मी दोष देत नाही. पण त्या रात्री मुलाने मला सरळ विचारलं, "बाबा, लिफ्ट बघून त्याचं पुढे काय होणार?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. इथे सांगायचा प्रयत्न करतो.

मी १९८४ ते २०१८ अशी चौतीस वर्षं दादर-वरळी पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. वडील गिरणीत फिटर. मी विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि कॉलेज सोडावं लागलं. दोन वर्षं मिळेल ते काम केलं, मग ही नोकरी लागली. सकाळी कपाटं उघडायची, बाईंनी किंवा सरांनी सांगितलेलं साहित्य टेबलांवर मांडायचं, तास झाला की मोजून परत ठेवायचं, डेडस्टॉक रजिस्टर सांभाळायचं, काय फुटलं त्याची नोंद करायची. चाव्यांचा जुडगा कायम कमरेला. आपल्या शाळांत शिपाई असो की आमच्यासारखा कुणी, मुलं त्याला मामाच म्हणतात. चौतीस वर्षं मी मामा होतो, आणि मला जे म्हणायचंय ते मामांबद्दलच आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दुपारी मोठी भरती होती, म्हणून शहरातलं पाणी समुद्रात जाईना. शाळा पुन्हा भरली तेव्हा मुलांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. वरळी कोळीवाड्यातली. बोलायला संकोची, वर्गात कधी हात वर न करणारी. म्हणाली, "मामा, भरती मोजायचं काही आहे का आपल्याकडे?"

नव्हतं. मोजपात्रं होती, तापमापी होत्या, समुद्र मोजायचं काही नव्हतं. कपाटात एक अर्धी कोरी जर्नल पडली होती, ती दिली. तिने तिच्यावर रकाने आखले. तिथी, वेळ, पायरी. होड्या लागतात तिथल्या धक्क्याच्या पायऱ्या वरून मोजायच्या आणि पाणी कितव्या पायरीला टेकलं ते लिहायचं. दिवसाची भरती ती स्वतः पाहायची. रात्री आजोबा होडी बघायला जायचे, ते सकाळी पायरी सांगायचे. आजोबांकडूनच तिला एक हिशेब आला होता, किनाऱ्यावर राहणाऱ्या पुष्कळांना तो पाठ असतो. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो आकडा म्हणजे भरतीची सुमाराची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. हे तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं. शाळेला पत्ताच नव्हता की या मुलीला असं काही येतं.

ती दर सोमवारी जर्नल दाखवायला यायची. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत आकडे वर जायचे, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत खाली यायचे, हे तर ठीकच. दिवाळीनंतर एकदा आली ती धापा टाकत. "मामा, पावसाळ्यात दुपारची भरती मोठी होती आणि रात्रीची लहान. आता रात्रीची मोठी झालीय." आजोबांना हे आयुष्यभर माहीत होतं, पण हिला कुणी सांगितलं नव्हतं. हिने ते आपल्या रकान्यांतून काढलं होतं. त्या दिवशी तिचा चेहरा मी पाहिला आहे. शाळेत पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे मी चौतीस वर्षं पाहिले, त्यांच्यावर असा उजेड नसायचा.

मग तिने तो प्रश्न विचारला. चंद्र एका बाजूला असतो, तर भरती दिवसातून दोनदा कशी येते? दुसऱ्या बाजूचं पाणी कशाने वर येतं? वर्गात तिने हे विचारलं होतं, पण अभ्यासक्रम पुरा करायची घाई होती आणि परीक्षेला हे नसल्याचं तिला सांगण्यात आलं. मलाही उत्तर येत नव्हतं. मी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन विश्वकोशाचा खंड काढला आणि वहीत उतरवून आणलं. चंद्र जवळच्या पाण्याला पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढतो, आणि पृथ्वीच्या मध्याला पलीकडच्या पाण्यापेक्षा जास्त. पलीकडचं पाणी मागे राहतं, म्हणून तिथेही फुगवटा येतो. आणि चंद्र नेहमी विषुववृत्तावर नसतो, कधी उत्तरेला सरकतो कधी दक्षिणेला, म्हणून दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. आम्ही दोघांनी रबरी चेंडू आणि बल्ब घेऊन ते टेबलावर मांडून पाहिलं. दोन मधल्या सुट्ट्या त्यात गेल्या.

आता पक्षितज्ज्ञ सलीम अली यांची गोष्ट सांगतो. पुष्कळांनी ती वाचली असेल, पण त्यातल्या मामांकडे फारसं कुणी पाहत नाही. आईवडील लहानपणीच गेले, म्हणून खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे हा मुलगा वाढला. छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असं त्याने मामांना विचारलं. मामा शिकारी होते, जाणकार होते, पण त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी काय करावं? चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. साल १९०८. तिथले मानद सचिव मिलर्ड हे पेशाने मद्याच्या व्यापारातले. त्यांनी पक्षी ओळखून दिला आणि तेवढ्यावर न थांबता भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. हातात मेलेली चिमणी घेऊन आलेल्या बारा वर्षांच्या पोराला!

आपण मिलर्डचं कौतुक करतो आणि ते करायलाच हवं. पण मामांनी चिठ्ठी दिली नसती तर पोरगा मिलर्डच्या दारापर्यंत पोचलाच नसता. मामांना पक्ष्याचं नाव येत नव्हतं. नाव कुणाला येतं, एवढं त्यांना माहीत होतं. आपण आईबाप, शिक्षक, आजोबा इथेच अडतो. आपल्याला येत नाही म्हणून गप्प बसतो, नाहीतर येतं तेवढ्यावर मुलाची बोळवण करतो.

माझं तेच झालं. मी त्या मुलीला कपाट उघडून दिलं, विश्वकोश उतरवून दिला आणि तिथे थांबलो. पुढची चिठ्ठी माझ्याकडे नव्हती. ती २००९ ला दहावी झाली, गुण बरे होते, घरच्यांनी वाणिज्य शाखेला घातलं. तीन वर्षांनी वर्तमानपत्रातल्या एका लेखात मी वाचलं की मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद ठेवली जाते, आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर इतकी जुनी नोंद फार थोड्या ठिकाणी आहे. तिच्या धक्क्यापासून काही मैलांवर तीच वही सव्वाशेहून जास्त वर्षं कुणीतरी भरत आलं होतं! राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र अंधेरीत आहे, मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था वर्सोव्याला आहे, हेही मला तेव्हाच कळलं. लेख वाचून मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. एक पोस्टकार्ड, एक बसप्रवास, एवढंच अंतर होतं. तिला कुणी असं काही सांगितलंच नाही आणि तो कुणी म्हणजे मी.

ती आज एका कार्यालयात हिशेब सांभाळते, संसार नीट चाललाय, समाधानी आहे. गेल्या आषाढातल्या उधाणाला तिने मला फोन केला होता, पाणी कितव्या पायरीला लागलं ते सांगायला. तिची आवड वाया गेली असं मी मुळीच मानत नाही. पण पुढचं दार तिने निदान पाहायला हवं होतं, मग आत जायचं की नाही ते तिने ठरवलं असतं.

याहून जुनी एक गोष्ट आहे, ती मला जास्त लागते. १९९१ साली पाचवीतला एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत लोलक मागायचा. खिडकीतून ऊन येतं त्या जागी धरून भिंतीवर रंग पाडायचा आणि हात हलवून ते छतापर्यंत न्यायचा. एक शब्द बोलायचा नाही. एके दिवशी लोलक हातून सुटला, कडेचा टवका उडाला. तेव्हा फुटतूट झाली की भरपाई सहायकाच्या पगारातून जायची. अठ्ठावीस रुपये कापले गेले. घरात वडिलांचं औषधपाणी चालू होतं आणि मी त्या पोरावर ओरडलो, "पुन्हा या दारात दिसू नकोस." तो पुन्हा दिसला नाही. दहावीपर्यंत शाळेत होता, पण प्रयोगाच्या तासाला शेवटच्या टेबलाशी उभा राहायचा, कशाला हात लावायचा नाही. टवका उडालेल्या लोलकातूनही रंग पडतात, संपादक महोदय. मी तो त्याला परत द्यायला हवा होता.

हे मी मुद्दाम लिहितोय. प्रयोगशाळा आणि वाचनालयं बंद राहतात त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. वस्तू हरवली-फुटली तर ज्याच्या खिशातून जाणार, तो माणूस कुलूपच लावणार. माझ्या शाळेत दोन सूक्ष्मदर्शक होते, ते तपासणीच्या दिवशी बाहेर यायचे आणि रजिस्टरमध्ये शाबूत दिसायचे. चौतीस वर्षांनी मी ते जसेच्या तसे पुढच्या माणसाच्या ताब्यात दिले. शाबूत ठेवल्याबद्दल माझं कौतुक झालं.

कुलूप काढायला आपण तयार झालो की दुसरी अडचण येते ती प्रमाणपत्राची. दहावीला चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे वाढीव गुण मिळतात. हेतू चांगलाच आहे, कलेला मान मिळावा हा. पण माझ्या डोळ्यांदेखत काय व्हायचं, ते सांगतो. जी मुलं तिसरी-चौथीत फळ्याच्या कोपऱ्यात, बाकावर, वहीच्या शेवटच्या पानावर सतत काहीतरी रेखाटायची, त्यांतली कितीतरी इंटरमिजिएट झाली की रंगपेटी माळ्यावर टाकून मोकळी व्हायची. ग्रेड मिळाली, काम झालं.

आमच्या शाळेत सरावाला आलेल्या एका बी.एड.च्या विद्यार्थिनीने मला एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं, तो मी विसरलेलो नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडतं अशी मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा पेनं मांडली. ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. आधी जे खेळ होतं ते त्यांच्या मनात काम झालं होतं. तीन ते पाच वर्षांची मुलं ही! तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत मी कुणाला बक्षीस कबूल केलं नाही.

त्याऐवजी एक फळी लावली. ही कल्पना माझी नाही, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या लहानपणातली आहे. बनारसला त्यांच्या घरात भिंतीवर फळा होता. शिकायला येऊन राहिलेले त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर भाच्यासाठी गणितातलं एखादं कोडं लिहून ठेवायचे. सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत ते तिथेच राहायचं. गुण नाहीत, वेळेची घाई नाही. हे वाचल्यावर मी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर एक काळी फळी टांगली. बर्फ पाण्यावर का तरंगतो, पाल छताला उलटी कशी चालते, असं काहीबाही लिहायचो. उत्तर लिहायला खाली जागा आणि एक खडू. कुणी लिहिलं तरी चालेल, चुकीचं लिहिलं तरी चालेल, दुसऱ्याने येऊन खोडावं. पहिला महिनाभर फक्त नावं आणि बदाम उमटले. दुसऱ्या महिन्यात एका मुलाने लिहिलं, "पाल काचेवरपण चालते, मी पाहिलं, म्हणजे नखं नसणार." तिथून फळी चालू झाली ती मी निवृत्त होईपर्यंत.

नारळीकरांचीच आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. एवढ्या मोठ्या माणसाने प्रत्येक मुलाच्या हाती आपला पत्ता ठेवला. ते २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा घराघरांत जपून ठेवलेली ती पोस्टकार्डं मला डोळ्यांसमोर दिसली.

माझ्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. लिफ्ट बघून नातवाचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. गेल्या वर्षी त्याला सिग्नलच्या दिव्यांचं वेड होतं, ते गेलं. हेही जाईल कदाचित. नवव्या वर्षी पोराचं आयुष्य ठरवून टाकावं असं मी म्हणत नाही, तसं करणाऱ्या आईबापांचीही मला भीतीच वाटते. एका गोष्टीच्या तळापर्यंत गेल्यावर कसं वाटतं, हे मात्र त्याला या वयात कळायला हवं. काउंटरवेटचा तो हिशेब त्याने स्वतः लावला. तसा आनंद ज्याने एकदा घेतलाय तो पोरगा पुढे कशाच्याही मागे लागेल, पण वरवरच्या माहितीवर त्याचं समाधान होणार नाही.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा माणसांबरोबर ते घालवावेत असं म्हटलंय. फार चांगली गोष्ट आहे. मुंबईएवढी त्याला सोयीची जागा दुसरी कुठली? धारावीच्या कुंभारवाड्यात चाकावर माती फिरतेय. आमच्या लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतीच्या आधी महिनोन्‌महिने मूर्ती घडतात, आणि दारात उभं राहून तासन्‌तास डोळे रेखताना बघणारी दोन-तीन पोरं दर वर्षी असतातच. त्यांना आत बोलावून मातीचा एक गोळा हातात दिला तर? लॅमिंग्टन रोडला रेडिओ दुरुस्त करणारे जुने लोक अजून आहेत. राणीच्या बागेत झाडांची नावं सांगणारे माळी आहेत. पण दहा दिवस एकदम सहलीसारखे काढले तर त्यातून काही हाती लागणार नाही. एका मुलाने एकाच माणसाकडे दहा वेळा जायला हवं.

शाळांकडे माझं मागणं थोडं आहे. आठवड्यातून दोन दिवस, शाळा सुटल्यावर एक तास, प्रयोगशाळा आणि वाचनालय उघडं ठेवा. ज्याला यायचं तो येईल. हजेरी नको, स्पर्धा नको, प्रमाणपत्र तर नकोच. वर्षाला काही रक्कम फुटतुटीसाठी आधीच बाजूला काढा, म्हणजे चावी ज्याच्याकडे आहे त्याला कुलूप लावावंसं वाटणार नाही. त्या तासाला बसायला निवृत्त माणसं या शहरात खूप आहेत. मी माझं नाव आजच देतो.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, एक मागणं आहे. आठवड्यातून एकदा एका कोपऱ्यात एक पत्ता छापा. मुलाला पक्ष्यांचं वेड लागलं तर लायन गेटसमोर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं हॉर्नबिल हाऊस. गणित-विज्ञानात खोल शिरायचंय तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. मराठीतून विज्ञान समजून घ्यायचंय तर चुनाभट्टीचं मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन. समुद्राचं वेड असेल तर अंधेरी, वर्सोवा. संस्थांच्या जोडीला माणसंही असू देत. घड्याळं उघडून दाखवायला तयार असलेला कारागीर, नकाशे जमवणारे निवृत्त सर्वेक्षक, मोडी वाचायला शिकवणाऱ्या आजी. कोण, कुठे, कुठल्या वारी, किती वाजता, एवढंच. क्लासच्या जाहिरातीचा कागद रोज घरात येतो, तसा हा पत्ताही येऊ दे. मी ते पत्ते कापून त्याच जुन्या जर्नलीसारख्या एका वहीत चिकटवीन आणि जो मुलगा किंवा मुलगी विचारेल त्याच्या हातात चिठ्ठी देईन.

येत्या मंगळवारी लिफ्टचा मेकॅनिक येणार आहे. अबॅकसच्या बाईंना नातवाची त्या दिवसाची सुट्टी सांगितली आहे. सुनेनेच फोन केला. जबड्यांचं ते अर्धं चित्र नातवाने पावतीसकट जपून ठेवलंय. पुरं करून घ्यायला पेन्सिल टोक काढून तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
परळ, मुंबई

(पत्रातल्या मुलांची ओळख पटू नये म्हणून माझं नाव आणि शाळेचं नाव छापू नये, ही विनंती.)